बुद्धिबळ किती जुने? एका वाक्याची उलटतपासणी

शालेय बुद्धिबळ स्पर्धा गडमुडशिंगीसारख्या गावात भरलेली असो की कोल्हापूर शहरात, उद्घाटनाच्या भाषणात एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. ‘बुद्धिबळ हा पाच हजार वर्षांपूर्वी आपल्या भारतात जन्मलेला खेळ आहे.’ टाळ्या पडतात, पहिल्या पटावर पहिली चाल होते आणि कार्यक्रम पुढे सरकतो. मुले ते वाक्य सामान्यज्ञानाच्या वहीत लिहून ठेवतात.

या वाक्यात खरे म्हणजे दोन स्वतंत्र विधाने आहेत. एक, हा खेळ भारतात जन्मला. दोन, तो पाच हजार वर्षांपूर्वी जन्मला. दोन्ही विधाने एकाच दमात उच्चारली जातात म्हणून ती सारखीच खरी ठरत नाहीत. पहिल्याला भक्कम आधार आहे, दुसऱ्याला नाही. हे कसे ठरवतात, कोणता पुरावा कशासाठी चालतो, हे पाहणे विज्ञानाच्या तासाला जितके उपयोगी तितकेच इतिहासाच्या तासाला.

पाच हजारांचा आकडा आला कुठून?

महाभारतात युधिष्ठिर द्यूत खेळला हे सर्वांना ठाऊक आहे. पण ते फाशांचे द्यूत होते, बुद्धिबळ नव्हे. मग हा घोटाळा कसा झाला?

१७९० मध्ये कोलकात्यात सर विल्यम जोन्स यांनी भारतीय बुद्धिबळावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांना एका संस्कृत ग्रंथातील उतारा मिळाला होता. त्यात व्यास युधिष्ठिराला ‘चतुरंग’ नावाचा खेळ शिकवतात. हा खेळ चौघांनी खेळायचा होता आणि कोणता मोहरा हलवायचा ते फासा ठरवत असे. हा उतारा भविष्यपुराणातला आहे असे जोन्स यांना सांगण्यात आले होते. रावणाच्या राणीने हा खेळ शोधून काढला, ही आख्यायिकाही त्यांनी नोंदवली. पुढे कॅप्टन हायरम कॉक्स यांनी, आणि १८६० मध्ये डंकन फोर्ब्ज यांनी, हाच चौघांचा खेळ बुद्धिबळाचे मूळ रूप मानला. पुराण प्राचीन, म्हणून खेळही तितकाच प्राचीन, या हिशेबाने त्याचे वय पाच हजार वर्षे ठरले.

१८७० च्या दशकात आल्ब्रेख्त वेबर आणि व्हान डेर लिंडे या अभ्यासकांनी मूळ उतारा तपासला, तेव्हा तो बंगालमधील रघुनंदन या पंडिताच्या ‘तिथितत्त्व’ ग्रंथातला निघाला. रघुनंदन सोळाव्या शतकातला. बोलणारी पात्रे महाभारतातली असली तरी लिहिणारा फार अलीकडचा होता. ग्रंथातील संवाद कोणाच्या तोंडी आहे यावरून ग्रंथाचे वय ठरत नाही, ही साधी गोष्ट सुमारे ऐंशी वर्षे निसटून गेली होती. चौघांच्या, फाशांच्या खेळाचे खात्रीचे वर्णन अल्-बिरूनीने सुमारे १०३० मध्ये केले आहे. दोघांच्या खेळाचा उल्लेख त्याहून चार शतके आधीचा आहे, हे आपण पुढे पाहूच.

आणखी एक सापळा आहे. ‘अष्टापद’ हा आठ गुणिले आठ घरांचा पट बुद्धकाळापासून माहीत होता. बुद्ध ज्या खेळांपासून दूर राहत त्यांच्या यादीत, दीघनिकायात, त्याचे नाव येते. ‘चतुरंग’ हा शब्दही जुना. रथ, हत्ती, घोडदळ आणि पायदळ या चार अंगांचे सैन्य, असा त्याचा अर्थ. पण जुन्या ग्रंथात पट सापडला किंवा सैन्याचा शब्द सापडला म्हणजे बुद्धिबळ सापडले असे होत नाही. अष्टापदावर पूर्वी फाशांचे खेळ चालत. पट आणि सैन्य एकत्र आले तो क्षण शोधायला हवा.

बाणभट्टाची कोटी

तो क्षण सातव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पष्ट दिसतो. सम्राट हर्षाचा काळ इ.स. ६०६ ते ६४७. त्याच्या दरबारातील बाणभट्टाने ‘हर्षचरित’ लिहिले. राज्यातली शांतता वर्णन करताना बाण शब्दांवर कोटी करतो. त्याचा आशय असा, की या राज्यात चतुरंगाची मांडणी होते ती केवळ अष्टापदावर. म्हणजे सैन्याची रचना रणांगणावर करायची वेळच येत नाही, ती पटावर होते. वाचकाला पटावरचा चतुरंग माहीत असल्याखेरीज ही कोटी कळणार नाही. याचा अर्थ बाणाच्या वेळी खेळ चांगलाच परिचित होता. म्हणून त्याचा जन्म बहुतेक अभ्यासक सहाव्या शतकाच्या आसपास, गुप्तकाळाच्या अखेरीस मानतात. आजपासून सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी.

दुसरा पुरावा शेजाऱ्यांचा आहे. ‘भारतीय राजाने हा खेळ इराणच्या खुस्रो अनुशीरवान (राज्यकाल ५३१ ते ५७९) याच्या दरबारी कोडे म्हणून पाठवला आणि त्याच्या शहाण्या वजिराने ते सोडवले’ अशी कथा पहलवी भाषेत आहे. कथा ही कथाच. पण इराणी लेखक आपल्या वजिराचे कौतुक करतानाही खेळाचे श्रेय भारताला देतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. दहाव्या शतकातील अल्-मसूदीसारखे अरबी लेखकही हेच सांगतात. ज्याला श्रेय देण्यात काही लाभ नाही त्याची साक्ष अधिक वजनदार असते.

तिसरा पुरावा शब्दांचा. संस्कृत ‘चतुरंग’ पहलवीत ‘चत्रंग’ झाला. अरबीत ‘च’ आणि ‘ग’ हे उच्चार नाहीत, म्हणून तिथे ‘शतरंज’ झाला. मोहऱ्यांची नावेही इराणी लोकांनी भाषांतर करून घेतली. राजाचा शाह झाला, गजाचा पील, अश्वाचा अस्प, पदातीचा पियादा. हत्ती हे सैन्याचे एक स्वतंत्र अंग ही कल्पनाच भारतीय. पुढे ‘शाह’पासून आपला ‘शह’ आला, ‘शाह मात’ म्हणजे राजा हतबल झाला यापासून ‘शहमात’ आला, आणि त्याच ‘शाह’चे रूप युरोपात फिरत फिरत इंग्रजी ‘चेस’ आणि ‘चेक’ झाले. आपण ‘प्यादे’ म्हणतो तो शब्द फारसीतून आलेला. संस्कृत ‘पदाति’शी त्याचे नाते चुलतभावाचे.

दुसरी बाजूही वर्गात मांडली पाहिजे. निर्विवादपणे बुद्धिबळाचे म्हणता येतील असे सर्वांत जुने मोहरे भारतात सापडलेले नाहीत. ते समरकंदजवळील अफ्रासियाब येथे १९७७ मध्ये सापडले. हस्तिदंती, सात नग, सातव्या-आठव्या शतकातले. खेळाचा उगम चीनकडे शोधणारेही काही अभ्यासक आहेत. लाकडी मोहरे आपल्या हवेत टिकत नाहीत हे खरे, पण न टिकण्याचे कारण म्हणजे असण्याचा पुरावा नव्हे. सर्व बाजू तोलल्यावर आज भारताचे पारडे जड आहे, एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे.

दख्खनमधील दोन ग्रंथ

आता आपल्या परिसराकडे येऊ. बाराव्या शतकात कोल्हापुरावर शिलाहारांचे राज्य होते आणि ते कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६ ते ११३८) याने ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा शंभर अध्यायांचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. स्वयंपाक, हत्तींची निगा, चित्रकला, संगीत अशा राजाला माहीत हव्यात त्या सगळ्या गोष्टी त्यात आहेत. मराठीच्या अभ्यासकांना तो त्यातील मराठी पद्यपंक्तींमुळे माहीत आहे. त्याच्या क्रीडाविषयक भागात बुद्धिबळाचे वर्णन येते. दख्खनच्या राजदरबारात हा खेळ नऊशे वर्षांपूर्वी शास्त्र म्हणून लिहिण्याच्या योग्यतेचा मानला जात होता, हे यावरून कळते.

दुसरा ग्रंथकार नीलकंठ भट्ट. पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या प्रसिद्ध भट्ट घराण्यातला, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याने ‘भगवंतभास्कर’ नावाचा बारा ‘मयूखां’चा म्हणजे किरणांचा धर्मशास्त्रग्रंथ लिहिला. त्यातील ‘व्यवहारमयूख’ हिंदू कायद्याच्या खटल्यांत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत प्रमाण मानला गेला. त्याच ग्रंथाच्या ‘नीतिमयूख’ या भागात राजनीतीच्या जोडीला बुद्धिबळाचे नियम आहेत आणि घोड्याला साऱ्या पटावर फिरवण्याची युक्तीही श्लोकबद्ध केली आहे. वारसाहक्काचे नियम लिहिणाऱ्या पंडिताला घोड्याच्या उड्या मोजण्यात रस होता.

त्यानंतरची नोंद छापील. १८१४ मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळातील डावांच्या स्थितींवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. ते मूळ संस्कृतावरून केलेले असून युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेले आहे, असे त्याच्या मथळ्यातच म्हटले आहे. म्हणजे दोन पद्धती वेगळ्या होत्या आणि त्यांची गाठ मुंबईत पडू लागली होती.

अर्ध्या पटावरचा श्लोक

घोड्याच्या फेरीपाशी थोडे थांबू, कारण हा भाग वर्गात फळ्यावर करून दाखवता येतो. प्रश्न असा: घोडा आपल्या अडीच घरांच्या चालीने पटावरच्या प्रत्येक घरात एकदा आणि एकदाच जाऊ शकेल का?

नवव्या शतकातील काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञ रुद्रट याने ‘काव्यालंकारा’त एक चमत्कारिक श्लोक रचला. अनुष्टुभ श्लोकाचे चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरे. एकाखाली एक लिहिले की चार गुणिले आठ, म्हणजे बरोबर अर्धा पट होतो. रुद्रटाचा श्लोक सरळ वाचला किंवा घोड्याच्या चालीने उड्या मारत वाचला, तरी तोच श्लोक हाती येतो. हा घोड्याच्या फेरीच्या जगातील सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. युरोपात लिओनार्ड ऑयलरने या कोड्याचा गणिती अभ्यास मांडला तो १७५९ मध्ये.

मुलांना आधी पाच गुणिले पाच घरांचा पट आखून द्यावा आणि एक आडएक घर रंगवायला सांगावे. घोडा प्रत्येक चालीत रंग बदलतो, हे ती स्वतःच शोधतील. मग विचारावे: घोडा सगळी पंचवीस घरे फिरून पुन्हा सुरुवातीच्या घरी येऊ शकेल का? पंचवीस घरांची बंद फेरी म्हणजे पंचवीस चाली. पण पंचवीस ही विषम संख्या, आणि विषम चालींनंतर घोडा विरुद्ध रंगावर असतो. म्हणून तो सुरुवातीच्या घरी येणे अशक्य. एकही फेरी प्रत्यक्ष न करता, कोणीच कधी करू शकणार नाही हे सिद्ध झाले. परत न येणारी फेरी मात्र जमते. ती कोपऱ्यातून सुरू केली तर जमते, कोपऱ्याला लागून असलेल्या घरातून कधीच जमत नाही. का? कोपऱ्याच्या रंगाची घरे तेरा आणि दुसऱ्या रंगाची बारा आहेत, एवढा इशारा पुरे. आठ घरांच्या मोठ्या पटासाठी वार्न्सडॉर्फने १८२३ मध्ये सांगितलेला नियम द्यावा: जिथून पुढे जायला सर्वांत कमी वाटा उरल्या आहेत त्या घरात आधी जा.

गव्हाच्या दाण्यांची गोष्टही याच जातीची. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत जाण्याचे बक्षीस खेळाच्या शोधकाने राजाकडे मागितले, ही आख्यायिका. १२५६ च्या सुमारास इब्न खल्लिकानने ती लिहून ठेवली. इतिहास म्हणून तिला किंमत नाही, गणित म्हणून मोठी आहे. एकूण दाणे होतात १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. हजार दाण्यांचे वजन चाळीस ग्रॅम धरले तर अर्ध्या पटावरचा गहू सुमारे १७२ टन भरतो, म्हणजे दहा टनी सतरा-अठरा मालमोटारी. पूर्ण पटाचा भरतो सुमारे ७३,८०० कोटी टन. साऱ्या जगाचे गव्हाचे पीक आज वर्षाला सुमारे ८० कोटी टन आहे. नऊशेहून अधिक वर्षांचे पीक लागेल. पटाच्या दोन अर्ध्यांमधला फरक मुलांनी स्वतः काढावा.

नियम बदलतात

आज आपण जो खेळ खेळतो तो बाणभट्टाचा खेळ नव्हे. जुना वजीर तिरपे एकच घर जात असे. जुना हत्ती तिरपी दोन घरांची उडी मारी आणि अख्ख्या डावात त्याला पटावरची आठच घरे गाठता येत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीत वजिराला व उंटाला आजची दूरवरची चाल मिळाली. १४९७ मध्ये सालामांका येथे छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात जुना व नवा असे दोन्ही खेळ शेजारी शेजारी आहेत. नव्या वजिराला मधल्या घरातून सत्तावीस घरे मोकळी! खेळ एकदम वेगवान झाला. मोहऱ्यांची नावेही देशोदेशी सरकली. जुन्या रथाच्या कोपऱ्यात आपल्याकडे हत्ती आला आणि हत्तीच्या जागी उंट. रशियन भाषेत मात्र आपल्या उंटाला आजही ‘हत्ती’च म्हणतात. म्हणजे मूळ नाव भारतापेक्षा रशियाने जपले.

वजिराची नवी चाल भारतातही रुळली, पण बाकीचे देशी नियम विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकून होते. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारता येई. प्यादे शेवटच्या घरात पोचले की त्या पट्टीतल्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. गावोगावी यात बारीक फरक असत. असा खेळ सावकाश उलगडतो. सुरुवातीच्या चाली पाठ असण्यापेक्षा मधल्या डावातले डोके इथे महत्त्वाचे ठरते. पंजाबचे मीर सुलतान खान याच खेळात वाढले. युरोपीय नियम शिकल्यावर काही वर्षांतच त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकली. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

१९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ स्थापन झाला. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. आंतरराष्ट्रीय नियम आल्यामुळे आपल्या खेळाडूंना जगाची दारे उघडली. त्याच वेळी देशी नियम स्पर्धांतून गेले आणि हळूहळू आठवणींतूनही जाऊ लागले.

पटावर कोणी बसायचे?

कोल्हापूरहून पन्नासेक किलोमीटरवरच्या सांगलीने या बदलात मोठे काम केले. १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकर यांनी तिथे नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. मुलांना गोळा करून शिकवणे आणि उन्हाळी सुटीत स्पर्धा भरवणे, हा क्रम मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या चालवला. महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीच्याच.

महाराष्ट्रातील मुलींनी या खेळात एक लढाई पटाबाहेरही जिंकली आहे. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिले विजेतेपद वासंती खाडिलकर यांना मिळाले. त्यांच्या बहिणी जयश्री व रोहिणी यांनी पुढची अनेक वर्षे गाजवली. १९७६ मध्ये तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. जागतिक महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स ऑयवे यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही असा निर्णय दिला. नियम म्हणजे केवळ मोहऱ्यांच्या चाली नव्हेत. पटासमोर कोणाला बसता येईल हाही नियमच, आणि तोही माणसांनीच बदलावा लागतो.

२०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण जिंकले. त्यांत नाशिकचे विदित गुजराथी होते आणि नागपूरच्या दिव्या देशमुख. जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे कोनेरू हंपी यांना हरवून दिव्या यांनी महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या भारताच्या ८८ व्या ग्रँडमास्टर झाल्या.

वर्गासाठी एक काम

पंधराशे वर्षे हा काही लहान काळ नाही. त्याला ओढून ताणून पाच हजारांवर नेण्याची गरज नाही, कारण खोटा आकडा पकडला गेला की त्याच्याबरोबर खऱ्या विधानावरचाही विश्वास जातो. पुढच्या उद्घाटनाचे भाषण विद्यार्थ्यांनाच लिहायला द्यावे आणि प्रत्येक वाक्यापुढे ‘हे कशावरून?’ असे विचारावे.

दुसरे काम निकडीचे आहे. देशी नियमांनी खेळलेली पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. गडमुडशिंगी, आसपासची गावे, आपापल्या वाड्या-वस्त्या इथे मुलांनी पारावर, देवळात, घरोघरी जाऊन विचारावे. राजाची उडी कधी मारता येई? शह बसल्यावर ती चाले का? पट मांडताना राजासमोर राजा असे की वजीर? प्यादे शेवटच्या घरात पोचले की काय होई? उत्तरे सांगणाऱ्याचे वय, गाव आणि तारीख यांसह वहीत लिहावीत, जमल्यास त्याच नियमांनी एक डाव त्यांच्याशी खेळून चाली टिपाव्यात. दोन गावांची उत्तरे वेगळी आली तर एकाला चूक ठरवू नये, दोन्ही लिहून ठेवावीत. रघुनंदनाचा उतारा तपासायला सुमारे ऐंशी वर्षे लागली. हे साक्षीदार तितकी वर्षे थांबणार नाहीत.